मुंबईत मैत्रिणीकडे दोन दिवस: आरामाला जाणाऱ्यांसाठी

मुंबईत मैत्रिणीकडे शनिवार-रविवार काढायचा ठरला की पुण्या-नाशिककडची माणसं लगेच यादी करायला बसतात. गेटवे, मरीन ड्राइव्ह, सिद्धिविनायक, जमलं तर घारापुरी, रात्री जुहू. या यादीनुसार फिरलात तर रविवारी रात्री घरी पोहोचेपर्यंत पायाचे तुकडे पडलेले असतात आणि मैत्रिणीशी धड अर्धा तास बोलणं झालेलं नसतं. आणि जी बाई आठवडाभर लोकलचे धक्के खाते, तिला सुट्टीच्या दिवशी पुन्हा त्याच गर्दीत ओढायचं, हे मला तरी पटत नाही.

मी पुण्याहून बरीच वर्षं मैत्रिणीकडे जाते. आधी ती गोरेगावला दोघींबरोबर भाड्याने राहायची, आता मुलुंडला सासू-सासऱ्यांसोबत असते. दोन्हीकडे मुक्काम केलाय. माझं म्हणणं एवढंच आहे की मैत्रीण लोकलच्या ज्या लाइनवर राहते, ती लाइन सोडायची नाही. मुंबईदर्शन करायचं असेल तर ते वेगळ्या खेपेला करा. मित्राकडे जाणाऱ्यांनी मैत्रिणीच्या जागी मित्र वाचावं.

१. आधी फोन, मग तिकीट

"अगं ये ना कधीही" हे मुंबईकर मनापासून म्हणतात, पण त्यावर तिकीट काढायचं नसतं. फोन करून या गोष्टी विचारून घ्या:

- स्टेशन कुठलं, आणि पूर्व की पश्चिम? आपल्याकडे विरारपासून बदलापूरपर्यंत आणि पनवेलपर्यंत सगळ्यालाच "मुंबई" म्हणतात. बदलापूरला राहणाऱ्या मैत्रिणीकडे जायला दादरला उतरलात तर आलात त्याच वाटेने पुन्हा मागे जायचं. पूर्व-पश्चिम म्हणजे रेल्वे रुळांची कुठली बाजू. ती चुकली तर बॅग घेऊन पूल चढा-उतरायचा, आणि रिक्षात बसल्यावर कळलं तर भलामोठा वळसा.
- शनिवारी सुट्टी आहे का? बँकवाल्यांना दुसरा आणि चौथा शनिवारच मिळतो. खाजगी कंपनीत काहीही असू शकतं.
- घरी कोण कोण आहे? सासू-सासरे, लहान मूल, परीक्षेला बसलेला दीर. दीड खोलीच्या घरात परीक्षा चालू असेल तर तारीख सरळ पुढे ढकला, ती तोंडाने सांगणार नाही.
- ती पीजीत किंवा भाड्याच्या खोलीत राहत असेल तर रात्रीचा पाहुणा चालतो का? बऱ्याच पीजीत चालत नाही. भाड्याच्या फ्लॅटमध्येही रूममेटला आधी विचारलेलं बरं. हा प्रश्न तिला अवघड वाटू शकतो, म्हणून तुम्हीच काढा.
- पाणी किती वाजता येतं? हसू नका. सहाव्या मुद्द्यात बघू.

तारीख ठरवताना पाऊस बघा. जून ते सप्टेंबरमध्ये हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर बेत रद्द करा. जोरदार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की पाण्याचा निचरा होत नाही, रुळांवर पाणी साचतं आणि लोकल जागच्या जागी उभ्या राहतात. ऑक्टोबरमध्ये घामाच्या धारा लागतात. डिसेंबर-जानेवारी सगळ्यात चांगला. गणपतीत बोलावणं असेल तर जरूर जा, पण त्यात आराम धरू नका, मोदक वळायला बसावं लागेल.

२. परतीचं तिकीट आधी काढा

शनिवारी सकाळी मुंबईला जाणं तसं सोपं असतं. कोंडी होते ती रविवारी संध्याकाळी, कारण अर्धं पुणे तेव्हाच परत निघालेलं असतं. म्हणून मी आधी परतीचं आरक्षण बघते, ते मिळालं तरच जाण्याचं काढते.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. ऑक्टोबर २०२४ अखेरपर्यंत ही मुदत १२० दिवस होती, त्यामुळे जुन्या हिशेबाने सल्ला देणारे अजून भेटतात. तत्काळ आदल्या दिवशी उघडतं, वातानुकूलित वर्गाचं सकाळी १० ला आणि बाकीचं ११ ला. ऑनलाइन तत्काळसाठी खात्याला आधार जोडलेलं लागतं, ते काम आधीच करून ठेवा. ११ वाजता ओटीपीची वाट बघत बसलात तर तिकीट गेलंच.

पुण्याहून जाणाऱ्यांनी गाडी निवडताना नाव नाही, थांबे बघावेत. डेक्कन क्वीन १९३० पासून धावते आहे आणि तिच्यातल्या ऑम्लेटचं कौतुक सगळ्यांना आहे, पण ती कल्याण-ठाण्याला थांबत नाही. मैत्रीण डोंबिवलीला असेल तर सिंहगड किंवा इंद्रायणी बरी, त्या कल्याणला आणि ठाण्याला थांबतात. प्रगती पनवेलवरून जाते, म्हणजे नवी मुंबईवाल्यांची सोय. नाशिककरांना पंचवटी आहे, कोल्हापूर-साताऱ्याकडून रात्रीची महालक्ष्मी.

बसने जायचं तर एसटीची शिवनेरी. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे. त्यासाठी आधार कार्ड जवळ ठेवा. मात्र रविवारी संध्याकाळी बसने परतायचं असेल तर घाटातल्या कोंडीची मनाची तयारी ठेवा. त्या वेळी मी बसच्या वाटेला जात नाही.

३. बॅगेत काय

कागदपत्रं आणि सामान, एका दमात:

- फोटो असलेलं ओळखपत्र. रेल्वेतही लागतं आणि काही सोसायट्यांच्या गेटवरही.
- तिकिटाचा स्क्रीनशॉट. नेट नेमकं घाटात जातं.
- मैत्रिणीचा पूर्ण पत्ता कागदावर: इमारतीचं नाव, विंग, मजला, जवळची खूण. "समोर मेडिकल आहे" ही खूण धरू नका, मुंबईत दर तिसऱ्या इमारतीसमोर मेडिकल असतं.
- स्वतःचा टॉवेल, पातळ चादर आणि चार्जर.
- सुटे पैसे. यूपीआय सगळीकडे चालतं, तरी शेअर रिक्षात दहा-वीसच्या नोटा बऱ्या पडतात.
- पावसाळ्यात छत्री आणि ओले कपडे ठेवायला प्लास्टिकची पिशवी.

चाकांची मोठी बॅग आणू नका. लोकलमध्ये ती सगळ्यांच्या पायात येते, पुलांवर उचलूनच न्यावी लागते आणि घरात ठेवायला जागा नसते. पाठीवरची एक सॅक, जी सोफ्याखाली सरकते, तेवढंच सामान.

खाऊचं म्हणाल तर बाकरवडी नेऊ नका. ती मुलुंडच्या कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळते. घरची थालीपिठाची भाजणी, मेतकूट, कोल्हापूरकडचा कांदा-लसूण मसाला, उन्हाळ्यात केलेल्या कुरडया, असलं काही न्या. मुंबईत वाळवणं घालायला गच्चीला कुलूप असतं, त्यामुळे कुरडयांना जो भाव मिळतो तो कुठल्याही मिठाईच्या डब्याला मिळत नाही.

४. कुठे उतरायचं

मध्य मार्गावर (मुलुंड, ठाणे, डोंबिवली, कल्याण): कल्याण किंवा ठाणे. दादरपर्यंत जाऊच नका.

हार्बर मार्गावर आणि नवी मुंबईत: बसने पनवेल किंवा वाशी, रेल्वेने पनवेल किंवा ठाणे. ठाण्याहून वाशी-पनवेलकडे ट्रान्स-हार्बरच्या लोकल सुटतात.

पश्चिम मार्गावर (वांद्रे, पार्ले, गोरेगाव, बोरिवली, विरार): दादरला उतरून गाडी बदला. नवखा माणूस दादरला हमखास गोंधळतो, पण एक गोष्ट सोपी झाली आहे. पूर्वी पश्चिम आणि मध्य रेल्वेचे फलाट वेगवेगळे मोजायचे, म्हणजे एक नंबर दोन असायचे. डिसेंबर २०२३ पासून सलग आकडे आहेत: १ ते ७ पश्चिम रेल्वे, ८ ते १४ मध्य. जुनी माणसं अजून जुने नंबर सांगतात, म्हणून पाटी बघूनच वळा.

घाटकोपरहून अंधेरीला मेट्रो आहे. मैत्रीण अंधेरीला असेल तर ठाण्याला उतरून लोकलने घाटकोपर आणि तिथून मेट्रो, दादरची गर्दी टळते. गिरगाव, वरळी किंवा बीकेसीकडे (वांद्रे-कुर्ला संकुलाकडे) जायचं असेल तर थेट सीएसएमटीला (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला) उतरा आणि भुयारी मेट्रो घ्या. ही मेट्रो-३ मार्गिका ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड पूर्ण सुरू आहे. फक्त तिचं दादर स्टेशन रेल्वेच्या दादरमध्ये नाही, पश्चिमेला बाहेर पडून चालत जावं लागतं.

५. लोकल: लागेल तेवढंच

लांब पल्ल्याच्या गाडीतून उतरून पुढे लोकलने जायचं तर लोकलचं तिकीट वेगळं काढा. मोबाइलवर रेलवन ॲपवर निघतं, स्टेशनवर मशीनही असतात. विनातिकीट सापडलात तर किमान २५० रुपये दंड आणि वर भाडं.

लोकलवर लिहायचं तर रात्र जाईल. पाहुण्याला हे पुरे:

डब्याच्या बाहेर तिरपे पट्टे असतील तर तो फर्स्ट क्लास. साध्या तिकिटावर त्यात चढलात तर टीसी "मी पुण्याची आहे, माहीत नव्हतं" ऐकत नाही. एसी लोकलचं तिकीटही वेगळं असतं आणि तिचे दरवाजे बंद होतात, त्यामुळे चूक कळेपर्यंत गाडी सुटलेली असते. दिव्यांगांचा डबा रिकामा दिसला तरी तिकडे जायचं नाही.

जलद गाडी सगळीकडे थांबत नाही. इंडिकेटर कळला नाही तर फलाटावर कुणालाही विचारा, मुंबईकर घाईत असला तरी चालता चालता नीट सांगतो. पश्चिम मार्गावर अंधेरी किंवा बोरिवलीला उतरायचं असेल तर संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये चढू नका. विरारची मंडळी तुम्हाला दारापर्यंत पोहोचू देणार नाहीत, आणि त्यांचंही चुकत नाही, त्यांना पुढे तासभर उभं राहायचं असतं.

चढल्यावर सॅक पुढे घ्या किंवा रॅकवर टाका. बायकांच्या डब्यात बसलेल्या बाईला विचारायचं, "कुठे उतरणार?" तिने "घाटकोपर" म्हटलं की ती सीट तुमची, असा अलिखित करार आहे आणि तो पाळला जातो. उतरायच्या आधीच्या स्टेशनलाच दाराकडे सरका, आणि फलाट कुठल्या बाजूला येतो ते विचारून घ्या.

शनिवारी सकाळी लोकल रिकाम्या असतात, असं समजू नका. अकरानंतर बरं असतं.

६. गेटपासून घरात

रिक्षा मीटरने जाते. फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये, काळ्या-पिवळ्या टॅक्सीला ३१. रात्री १२ ते पहाटे ५ पंचवीस टक्के जास्त. रिक्षा फक्त उपनगरांत आहे; वांद्र्याच्या आणि शीवच्या दक्षिणेला रिक्षा येत नाही, तिथे टॅक्सी किंवा बेस्टची बस. ठाणे-मुलुंड-डोंबिवलीकडे स्टेशनबाहेर शेअर रिक्षाची रांग असते, ती स्वस्त पडते. रांग मोडून पुढे जाऊ नका, मागून बोलणी बसतील.

गेटवर वॉचमन नाव, फ्लॅट नंबर, मोबाइल लिहून घेतो किंवा ॲपवरून मैत्रिणीला विचारतो. तिने ते नोटिफिकेशन बघितलं नाही तर तुम्ही बॅग घेऊन उन्हात उभ्या. निघाल्यावर आणि शेवटच्या स्टेशनला, असे दोन मेसेज टाकून ठेवा.

आता पाणी. माझ्या मैत्रिणीच्या इमारतीत सकाळी ठरावीक वेळेतच पाणी येतं. तेवढ्यात पिण्याचं भरायचं, मशीन लावायचं, टाकी भरायची, पाच जणांच्या आंघोळी उरकायच्या. तिच्या सासूबाई घड्याळ न बघता नुसत्या नळाच्या आवाजावरून सांगतात, "चला, दहा मिनिटं राहिली." अशा वेळी पाहुणीने अर्धा तास डोक्यावरून न्हायचं नसतं. एक तर सगळ्यांच्या आधी आटपा किंवा सरळ शेवटी बादलीभर पाण्यात. मी पहिल्या रात्रीच विचारते, "काकू, माझा नंबर कितवा?" त्यांनाही ते आवडतं.

घरात मोठी माणसं असतील तर आल्यावर आधी त्यांच्यापाशी दहा मिनिटं बसा, मग मैत्रिणीच्या खोलीत. "काकू, भाजी द्या, निवडते" हे वाक्य उपयोगाचं आहे. ओट्यापाशी जाऊन मदत करायचा हट्ट मात्र नको. त्या स्वयंपाकघरात एकच माणूस वळू शकतं.

बॅचलर घर असेल तर हिशेब वेगळा. रूममेटच्या फ्रीजमधल्या कप्प्याला हात लावायचा नाही, शनिवारी रात्रीचं जेवण तुम्ही मागवायचं आणि ते सगळ्यांसाठी मागवायचं.

७. दोन दिवसांत काय करायचं

एका दिवसात एकदाच घराबाहेर पडायचं, आणि तेही मैत्रिणीच्या लाइनवर. उरलेला वेळ चहा, गप्पा, दुपारची झोप.

मुलुंड-ठाण्याकडे असाल तर रविवारचं नाटक बघा. मुलुंडला कालिदास नाट्यगृह आहे, ठाण्यात गडकरी रंगायतन, डोंबिवलीत सावित्रीबाई फुले, पार्ल्यात दीनानाथ, बोरिवलीत प्रबोधनकार ठाकरे, माटुंग्यात यशवंत. वर्तमानपत्रातल्या नाटकाच्या जाहिराती शुक्रवारीच बघा आणि तिकिटं काढून ठेवा, चांगल्या नाटकाची पुढची रांग आयत्या वेळी मिळत नाही. घरातल्या काका-काकूंची तिकिटंही काढलीत तर पुढच्या मुक्कामाचं आमंत्रण तिथेच मिळतं. ठाण्यात गडकरीच्या समोरच तलावपाळी आहे, नाटकाआधी तळ्याकाठी एक फेरी होते.

बोरिवलीच्या आसपास असाल तर सकाळी लवकर राष्ट्रीय उद्यान. आत कान्हेरीची लेणी आहेत, पण मुख्य दारापासून लांब आहेत. नाही गेलात तरी चालेल, नुसतं झाडांखालून तासभर चाला. उद्यान सोमवारी बंद असतं, म्हणजे सोमवार जोडून सुट्टी घेणाऱ्यांनी हे रविवारीच उरकावं.

नवी मुंबईत हिवाळा-उन्हाळ्यात नेरुळकडच्या पाणथळीत फ्लेमिंगो येतात. वाशीच्या सागर विहारला संध्याकाळी खाडीचा वारा मिळतो. दक्षिण मुंबईत मलबार हिलवर झाडांमधून जाणारा लाकडी उन्नत मार्ग मार्च २०२५ मध्ये खुला झाला. त्याची वेळ महापालिकेच्या संकेतस्थळावर आधी नोंदवावी लागते, तिकीट २५ रुपये. नोंदणी न करता गेलात तर टेकडी चढून रिकाम्या हाताने परत.

मला स्वतःला विचाराल तर दादर-माटुंगा. कुठल्याही लाइनवरून इथे यायला गाडी न बदलता जमतं, अपवाद फक्त हार्बरचा, त्यांनी कुर्ल्याला बदलावी. पण शनिवारी दुपारी किंवा संध्याकाळी इथे येऊ नका. दादर पश्चिमेला त्या वेळी खरेदीची झुंबड असते आणि पाऊल टाकायला जागा नसते. रविवारी सकाळी सातला या. पुलाखालच्या फुलबाजारात झेंडू, शेवंती, लिलीचे ढीग पडलेले असतात, खाली ओला चिखल आणि वरून ओझी घेऊन येणारे "बाजू, बाजू" ओरडत असतात. चांगल्या चपला घालू नका. तिथून माटुंगा पूर्वेला चालत किंवा टॅक्सीने. इडली आणि फिल्टर कॉफीला राम आश्रय किंवा कॅफे मद्रास. दोन्हीकडे थांबावं लागतं, बाहेर यादीत नाव लिहून घेतात. खाऊन झालं की टेबल सोडा, गप्पा पाच बागांत (फाइव्ह गार्डन्समध्ये) जाऊन मारा. जुनी झाडं, बसायला बाक, पारशी कॉलनीची बुटकी घरं. साडेनऊ-दहाला परत लोकलमध्ये. ज्यांना मराठीच खायचंय त्यांनी दादरला आस्वाद किंवा प्रकाश गाठावं, तिथल्या साबुदाणा वड्यावर माझा काही वाद नाही.

आणि जुहू, गेटवे, घारापुरी? शनिवार-रविवारी नकोच. घारापुरीला एकेका बाजूचा बोटीचा प्रवासच तासाभराचा, वर पायऱ्या चढायच्या, आणि रांगा वेगळ्या. अख्खा दिवस जातो.

रात्री उशीर करायचा असेल तर लक्षात ठेवा, शेवटच्या लोकल साधारण साडेबारा-एकच्या सुमारास सुटतात आणि पहाटे चारपर्यंत मग काही नाही.

८. रविवारचा ब्लॉक आणि परतीचा प्रवास

रविवारी रुळांच्या दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो. मध्य आणि हार्बर मार्गावर तो बहुतेक वेळा सकाळी अकराच्या पुढे सुरू होऊन चारच्या आसपास संपतो. जलद गाड्या धीम्या मार्गावरून चालवतात, काही रद्द होतात, आणि हार्बरवर तर मधला टप्पाच बंद असतो. पश्चिम रेल्वेवरही असतो, तिथे त्याला जम्बो ब्लॉक म्हणतात. शनिवारच्या वर्तमानपत्रात कुठून कुठपर्यंत ते छापून येतं. एवढं वाचूनच रविवारचं ठरवा: दहाच्या आत परतीची लोकल धरायची, किंवा चारनंतरच निघायचं. शिवाय रविवारच्या वेळापत्रकात लोकल मुळातच कमी असतात, म्हणून परतीची गाडी पकडायला नेहमीपेक्षा अर्धा तास जास्त धरा.

पुण्याला रविवारी संध्याकाळी जायचं तर डेक्कन क्वीन सीएसएमटीहून ५:१० ला सुटते. पण ती गाठायची म्हणजे मुलुंडवाल्यांना तीनलाच घराबाहेर पडावं लागतं, ऐन ब्लॉकमध्ये, दुपारची झोप मोडून. त्यापेक्षा सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा मिळत असेल तर रविवारची रात्रही तिथेच काढा आणि पहाटेची इंद्रायणी धरा. ती सीएसएमटीहून पावणेसहाच्या आत सुटते आणि नऊच्या सुमारास पुण्यात पोहोचते. मुलुंड-ठाण्याकडच्यांनी उलट सीएसएमटीला जायची गरज नाही, ठाण्यालाच चढायचं. आरक्षण करतानाच चढण्याचं स्टेशन ठाणे टाका. बॅग रात्रीच भरून दाराशी ठेवा, आणि काकूंना बजावून सांगा की पहाटे डब्यासाठी उठू नका. त्या तरी उठतातच.